उलटी ओळ

शिलाई इतकी वाईट होती, की तिला राहवलंच नाही.

कारखान्याच्या फाटकासमोर तो एकटाच कापडी फलक धरून उभा होता. आभाळ कोंदलेलं, सकाळपासून रिपरिप चालू, आणि फलकाचं एक टोक उसवून वाऱ्यावर फडफडत होतं. कामावर येणारे त्याच्याकडे न बघता आत जात होते. तीही गेली असती, पण...

"हे कुणी शिवलंय?"

"मी."

"दिसतंयच."

नाकावरून पाणी निथळत असताना तो हसला. तिने उगाचच छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"तुम्ही शिवता?" त्याने विचारलं.

"शर्टाला बाह्या जोडते. म्हणजे... जोडत होते. हल्ली बाह्याच येत नाहीत. नुसतं बसून असतो आम्ही."

"त्याच्यासाठीच तर उभा आहे मी!"

बाह्या शिवून यायच्या समुद्रापलीकडून. तिकडच्या बायका माजल्यात, असं साहेब सांगायचे. हा मात्र वेगळंच सांगू लागला. तो दुभाष्या होता, दवाखान्यात नि कोर्टात परक्यांचं बोलणं समजावून सांगायचा, आणि त्या बायकांची भाषा त्याला येत होती. त्यांच्या कारखान्याच्या छपराचा एक कोपरा कोसळला. दुरुस्त केल्याशिवाय आत बसणार नाही म्हणाल्या, तर मालकाने फाटकाला कुलूप ठोकलं. मालक तोच, इथलाच.

तिला एकदम 'ती' आठवली. बाहीच्या टोकाला नेहमी एक टाका जास्त घालणारी. नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, पण गठ्ठा सोडला की तिचा हात ओळखू यायचा. ती त्या कोपऱ्यात तर बसत नसेल?

"सुट्टीच्या दिवशी घरी या," ती म्हणाली. "असलं लक्तर घेऊन उभं राहायला लाज नाही वाटत?"

तो आला. आईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं, चहा दिला आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच वाजवायला लागली. टेबलावर नवं कापड पसरलं. खालची ओळ आपली, 'बाह्या तुमच्या, शर्ट आपला', आणि वर तेच त्यांच्या भाषेत. ती लिपी तिला वाचता येत नव्हती, म्हणून तो समोर बसून त्या ओळीचं लाल कापडाचं एकेक अक्षर ठेवत होता, ती टाका घालून पुढे सरकत होती.

"इतकं काय बघताय?"

"टाके."

"टाके खाली आहेत..."

तो कानापर्यंत लाल झाला. तिला बरं वाटलं. खूप दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी फलकाचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. साहेबांनी काचेतून पाहिलं. पाहू देत, म्हणून ती तशीच उभी राहिली. फोटो समुद्रापलीकडे गेला, आणि संध्याकाळी तो तोंड पाडून दारात हजर.

"वरची ओळ उलटी लागलीय. सगळीच्या सगळी डोक्यावर उभी."

"अक्षरं तू ठेवलीस ना?" रागात ती 'तुम्ही' विसरली.

"माझ्या बाजूने सरळ होती..."

"मग माझ्या शेजारी येऊन बसायचं! समोर कशाला बसलास?"

"शेजारी बसलो असतो तर..." तो घुटमळला. "तू दिसली नसतीस."

आतली भांडी थांबली.

तिकडून उत्तरादाखल फोटो आला. त्या बायकांनी मुद्दाम आपलाही फलक उलटा धरला होता आणि पोट धरधरून हसत होत्या. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत बसली. यातली 'ती' कुठली?

तो त्यांचा शेवटचा हसरा फोटो. नंतर बातम्या आल्या त्या धरपकडीच्या. त्यांचं म्हणणं बाहेरच्यांना समजावून सांगणारा दुभाष्याही आत गेला, तो सुटलाच नाही. इकडे तिलाही एका सकाळी फाटकावरूनच परत पाठवलं. आणि याला तिकडून बोलावणं आलं. त्या बायकांवर खटला उभा राहतोय, दुभाष्या हवाय.

बसस्थानकावर दिवसाउजेडी दिवे लागले होते, इतकं अंधारून आलेलं. बाकावर तो पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसला. खांद्याला खांदा लागला. तिला वाटलं, हा इतका जवळ आहे आणि मी याला कशाला जाऊ देतेय?

"थांब म्हण," तो हळूच म्हणाला. "थांबेन मी. खरंच."

शब्द अगदी ओठांवर आला. पण त्या कोर्टात ती एक टाका जास्त घालणारी उभी राहील, जीव तोडून बोलेल, आणि...

"तिचं बोलणं कोण सांगेल मग?"

"मिळेल कुणीतरी."

"कुणी मिळालं असतं तर तुला बोलावलं असतं का?"

ती उठली.

"कुठे चाललीस? रागावलीस?"

ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. मध्ये ओली फरशी आणि त्याची बॅग.

"नाही रे. प्रेम आहे माझं तुझ्यावर," ती म्हणाली. तिने डोळे काही पुसले नाहीत. "आणि शेजारी बसलास की... दिसत नाहीस."

बस येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले, समोरासमोर.