कीबोर्डमधली नखं

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. हे सांगून मला काही मिळवायचं नाही. उलट आठवलं की आजही ताट बाजूला सारावं लागतं.

२०१८ चा जून महिना. रविवारची दुपार. नांदेडमधलं आमचं घर.

मी विनीता. एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझी मुलगी भार्गवी तेव्हा नुकतीच लातूरला नीटच्या क्लाससाठी गेली होती. तिला हॉस्टेलवर सोडायला गेले, तेव्हा मालकीण महानंदाताईंनी एक रूम उघडून दाखवली.

"हितली पोरगी डॉक्टर झाली बघा. लई लकी रूम हाय."

लातूरला अशा रूमसाठी आईबाप अक्षरशः भांडतात. टॉपरचं टेबल, टॉपरची गादी, इतकंच काय, टॉपरची बादलीसुद्धा मागून घेतात. मीही ती रूम हट्टाने मागून घेतली. वर त्या मुलीचा कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉपही घेतला. भार्गवीला क्लासचे व्हिडिओ बघायला हवाच होता. म्हटलं, नांदेडला नेऊन दुरुस्त करते आणि पुढच्या फेरीला आणून देते.

घरी येऊन तो उघडला आणि मला शिसारी आली.

कीबोर्डवर तेलकट, काळपट थर होता. मेसच्या आंबलेल्या भाजीचा वास येत होता. साफ करायला म्हणून एक बटण उचकटलं, तर खाली...

नखं.

कापलेली नाही. दातांनी कुरतडलेली. प्रत्येक बटणाखाली.

शी! एवढी डॉक्टर झालेली मुलगी आणि ही घाण? मी नाकाला ओढणी बांधली, ब्रश आणि स्पिरिट घेतलं आणि एकूण एक बटण घासून काढलं. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. तरी त्या दिवशी हाताने जेवले नाही, चमचा घेतला.

मग लॅपटॉप मोहसीनच्या दुकानात नेला. आमच्या शाळेची मशीनं तोच दुरुस्त करतो.

"मॅडम, ह्याची हार्ड डिस्क गेली. विंडोज तर ह्याला झेपणारच न्हाई," तो म्हणाला. "विंडोजच्या जागी चालणारं एक हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून देतो. नवीन व्हर्जन आलंय. आधी नुसतं चालवून बघा. पसंत पडलं तर पुढचं करू."

"जुनं काही राहणार नाही ना त्यात?"

"असं पेनड्राइव्हवरून चालवलं की मशीन काहीच ध्यानात ठेवत न्हाई. बंद केलं की सगळं साफ."

मला तेच हवं होतं. त्या घाणेरड्या मुलीचं काही म्हणता काही नको होतं. नशीब तेवढं हवं होतं.

रविवारी जेवणं उरकून मी पेनड्राइव्ह लावला. लिनक्स झकास सुरू झालं. एवढं जुनं यंत्र, पण एका झटक्यात निळा स्वच्छ पडदा आला. मी एक व्हिडिओ लावून बघितला. न अडखळता चालला. मला बरं वाटलं. भार्गवीचं काम होणार होतं.

आणि मग...

कट्.

कट्... कट्.

मी ओळखलं. हार्ड डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते. मोहसीनला फोन लावला.

"अहो, ही डिस्क फारच आवाज करतेय."

"कोणती डिस्क, मॅडम?"

"लॅपटॉपमधली."

"ती तर मी काढून घेतली. हितं माझ्या टेबलावर पडलीय. त्याच्यात आता डिस्कच न्हाई. आवाज कशाचा येऊन राहिला मग?"

मी लॅपटॉपला कान लावला. आतला छोटा पंखा घरघरत होता. पण हा आवाज त्याचा नव्हता. तो बटणांमधून येत होता.

तेवढ्यात लाईट गेली.

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती, त्यामुळे पडदा काळा झाला. घरातला पंखा थांबला. रस्त्यावरही सामसूम होती.

कट्... कट्...

आणि मग...

थू.

कुणीतरी काहीतरी थुंकल्यासारखा आवाज.

माझ्या मनगटावर काहीतरी चिकटलं. ओलं होतं. मी खिडकीच्या उजेडात हात धरून बघितलं.

नखाचा तुकडा होता. त्याला लाळ होती.

मी बेसिनपाशी पोचेपर्यंत सगळं जेवण उलटून पडलं.

तोंड पुसून मी महानंदाताईंना फोन केला. ती मुलगी हल्ली कुठल्या कॉलेजला आहे, एवढंच विचारलं.

"कशाला उकरून काढता, ताई?" त्या म्हणाल्या. "न्हाई झाली ती डॉक्टर. तीन डाव परीक्षा दिली बिचारीनं."

"मग आता कुठे आहे ती?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"पंखा बदललाय हो मी त्या रूममधला. कोरा हाय. तुम्ही काळजी करू नगा."

त्या नव्या पंख्याखाली माझी भार्गवी झोपत होती.

मी अंगावरच्या कपड्यांनिशी लातूरची एसटी धरली. हॉस्टेलवर पोचले तेव्हा भार्गवी टेबलाशी वाचत बसली होती. मला बघून हसली. मी आधी तिचे हात हातात घेतले.

तिची नखं लहानपणापासून सुंदर. ती कधी तोंडात बोट घालायची नाही. आणि आता दहाही बोटं...

मुळापर्यंत कुरतडलेली. काही ठिकाणी रक्त साकळलेलं.

"भार्गू, नखं कधीपासून खायला लागलीस?"

"मी नाही खात, आई," ती हळूच म्हणाली. "सकाळी उठते तेव्हा अशीच असतात. ओली."

मी तिची बॅग भरली आणि तिला घेऊन बाहेर पडले. महानंदाताई दारात उभ्या होत्या, पण त्यांच्याशी एक शब्द बोलायचीही मला किळस आली. लॅपटॉप मी मोहसीनला सांगून भंगारात घातला. भार्गवी डॉक्टर झाली नाही. आज ती अर्धापूरच्या एका शाळेत शिकवते. तिची नखं पुन्हा छान वाढली आहेत.

हे प्रकरण संपलं असं मी धरून चालले होते.

यंदा आमच्या शाळेत हसीना मॅडम नव्याने आल्या. एकदा डबा खाताना मोठ्या कौतुकाने सांगत होत्या.

"आमच्या अलीझाला लातूरला फार छान रूम मिळाली. आधीची मुलगी डॉक्टर झाली म्हणे. नांदेडचीच होती. भार्गवी की काय नाव सांगितलं मालकीणबाईंनी."

मी डब्याला झाकण लावलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी हात जोडून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"तुमची मुलगी नाही झाली डॉक्टर," त्या म्हणाल्या, "म्हणून दुसऱ्याच्या मुलीला भीती घालायची का?"

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

काल त्यांनी स्टेटसला अलीझाचा फोटो ठेवला. तीच रूम, तेच टेबल. पोरगी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय.

मी फोटो मोठा करून तिची बोटं शोधली.

पण अलीझाने दोन्ही मुठी घट्ट मिटून ठेवल्या होत्या.