खुर्चीभोवतीचा साल्सा

जिन्यात कुणी बूट काढून ठेवतं का? तेही कंपनीतले, विटेसारखे जड सेफ्टी शूज? मैत्रीचा पाय त्यात अडकला आणि ती धडपडत वर गेली ती थेट वरच्या पायरीवर बसून हलके बूट घालणाऱ्या माणसाच्या पुढ्यात.

"सॉरी मॅडम," त्याने घाईघाईने ते धूड उचलून पोटाशी धरलं. "शिफ्टवरून डायरेक्ट आलोय. लागलं का?"

लागलं होतं. पण त्याच्या कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ अजून तसाच होता आणि चेहरा इतका ओशाळलेला, की मैत्रीला हसूच आलं. "नाही," म्हणून ती पुढे झाली. तो मागून बघतोय हे तिला वळून न पाहताही कळत होतं... आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडतही होतं.

चिंचवड स्टेशनजवळ, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्नेहलचा साल्सा क्लास होता. खालून जिलेबीचा वास यायचा आणि वर सगळे वजन कमी करायला नाचायचे. मैत्री आकुर्डीची, एका सीएच्या ऑफिसात नोकरीला. साल्साचं खूळ तिला बरेच महिने होतं, पण घरी सांगायची लाज. म्हणून ती गच्चीवर जायची, मोबाइल टाकीला टेकवायची आणि एका प्लास्टिकच्या खुर्चीला जोडीदार मानून तिच्याभोवती नाचायची. खुर्ची बिचारी कशालाच नाही म्हणत नसे. त्यामुळे आपल्याला छान येतं, असं मैत्रीचं मत झालं होतं.

"आधी काही शिकलीयेस?" स्नेहलने विचारलं.

"येतो मला साल्सा," मैत्री म्हणाली. झालं, तिची रवानगी थेट पुढच्या बॅचमध्ये झाली आणि जोडीला आला तोच, जिन्यातला. दिग्विजय नाव. मूळचा धाराशिवकडचा, चाकणला कारखान्यात मेंटेनन्सला, निघोज्यात खोली करून राहणारा. नाचायला लागला की मात्र हा माणूस बदलायचा. कारखान्यात दिवसभर जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालायची सवय, त्यामुळे त्याचं पाऊल कसं रेषेवर पडायचं. खोलीतही फरशीवर तीच पिवळी टेप चिकटवून तो सराव करतो, हे त्याने हात हातात घेताघेता लाजत सांगितलं. त्याचे तळवे खरबरीत होते आणि पकड अगदी हलकी. मैत्रीने तो हात जरा घट्टच धरला.

गाणं सुरू झालं. तो बाजूला झाला आणि त्याने तिला वाट करून दिली. तिने त्या वाटेने सरळ पलीकडे जायचं होतं. पण तिला खुर्चीची सवय... ती गेली त्याच्याभोवती वळून. गुडघ्यावर गुडघा आपटला, पायात पाय अडकला आणि मैत्री भल्यामोठ्या आरशासमोर धपकन बसली. आरशात तिला सगळा क्लास दिसला. सगळे तिच्याकडेच बघत होते.

स्नेहलने गाणं बंद केलं. "काय झालं गं?"

माणसाला लाज वाटली की तो ती पटकन दुसऱ्याच्या अंगावर झटकतो. मैत्रीनेही तेच केलं. "यांना येत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "भलतीकडेच जातात. असल्यांबरोबर कसं नाचायचं?"

कुणीतरी खुदकन हसलं. दिग्विजयने आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "माझंच चुकलं असंल," तो हळूच म्हणाला. "लागलं का तुम्हाला?"

पुढच्या वेळी तो आला नाही. त्याने आपणहून रविवारची नवशिक्यांची बॅच मागून घेतली होती. मैत्रीने मनाची समजूत घातली की बरंच झालं, त्याचाही पाया पक्का होईल. तिला नवा जोडीदार मिळाला. त्यानेही बाजूला होऊन वाट दिली, तीही वळली आणि पुन्हा गुडघ्यावर गुडघा. या वेळी मात्र स्नेहल नीट बघत होती.

"अगं, तू क्यूबन नाचतेस," ती म्हणाली. "साल्सा काही एकच नसतो. क्यूबाचा गोल, दोघं एकमेकांभोवती फिरतात. आपण शिकतो तो लॉस एंजेलिसचा, तो सरळ पट्टीवर. न्यूयॉर्कचाही पट्टीवरच, फक्त दुसऱ्या ठोक्यावर सुटतो. चुकीचा कुठलाच नाही. पण एक गोल आणि एक सरळ गेला की टक्कर ठरलेली."

मैत्रीचे कान तापले. म्हणजे त्या दिवशी तो बरोबर होता. तोच बरोबर होता... आणि तिने चारचौघांत त्याला खाली बघायला लावलं होतं. आत्ताच सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सगळे पुन्हा तिच्याकडेच बघत होते, आणि ती नुसतं "अच्छा" म्हणाली. त्या "अच्छा"ची तिला पहिल्या बोलण्याहून जास्त लाज वाटली. घरी गेल्यावर गच्चीतल्या खुर्चीकडेही तिला बघवेना.

रविवारी माफी मागायची म्हणून ती क्लासला गेली. दाराच्या फटीतून दिसलं, तो नवशिक्यांच्या मागच्या रांगेत उभा होता. जे त्याला छान येत होतं तेच पुन्हा पहिल्यापासून गिरवत, प्रत्येक पावलाला खाली बघत. आधी तो खाली बघत नसे. मैत्री आल्या पावली परत फिरली, पण जिन्यात ते जड बूट दिसले आणि ती तिथेच बसून राहिली.

क्लास सुटल्यावर तो बाहेर आला. तिला बघून दचकला, मग हसला.

"मी संध्याकाळच्या कार्यक्रमाला यायलो नाही, मॅडम," तो म्हणाला. त्या संध्याकाळी सगळ्या बॅच एकत्र नाचणार होत्या. "क्लासही आता बंद करावा म्हणतोय. कुणाच्या तरी पायावर पाय पडंल म्हणून भ्या वाटायलंय. तुम्ही बोलला ते बरं केलं, मला तर कळतच नव्हतं."

त्याने टोमणा मारला असता तर सोसलं असतं. तो मनापासून बोलत होता, आणि तेच तिला सोसवेना. इथे जिन्यात गुपचूप माफी मागितली असती तर सोपं गेलं असतं. पण त्याचा अपमान जिन्यात झाला नव्हता.

"संध्याकाळी या," ती म्हणाली. "एकदाच... माझ्यासाठी."

तो आला, भिंतीला चिकटून उभा राहिला. स्नेहल गाणं लावणार तोच मैत्री पुढे झाली.

"त्या दिवशी मी पडले ना, त्यात चूक माझी होती. यांची नव्हती. मला साल्सा येतो हे मी उगाच सांगितलं होतं. मी गच्चीवर खुर्चीभोवती शिकले. हे बरोबर होते, आणि मी सगळ्यांसमोर यांना बोलले. खरं कळल्यावरही गप्प बसले." मग ती त्याच्याकडे वळली. "माफ करा मला."

दिग्विजय तिच्याकडे बघतच राहिला. रागावेल, निघून जाईल... काहीही करेल, असं तिला वाटलं.

"म्हणजे," तो अडखळत म्हणाला, "मला येत होतं?"

"छान येत होतं."

त्याने एक मोठा श्वास सोडला. रागाचा मागमूस नव्हता, पण डोळे भरून आले होते, आणि ते पाहून मैत्रीचेही भरले. तो वळून बाहेर गेला. जिन्यात पावलं वाजली. गेला, ती मनात म्हणाली, आणि जाऊ दे, जायचा हक्क आहे त्याला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात जिन्यातल्या पिशवीतून काढलेलं पिवळ्या टेपचं रीळ होतं. खोलीच्या एका कोपऱ्यात तो खाली बसला. टेप गोल वळेना, सुरकुत्या पडायला लागल्या. तेव्हा त्याने टेपचे बोटभर तुकडे फाडले आणि एकाला एक लावत फरशीवर वर्तुळ केलं. थोडं वाकडं, पण गोल.

"मला सरळच जाता येतं," तो उठत म्हणाला. "तुमचं ते गोल शिकवा."

"मलाही नीट येत नाही," मैत्री म्हणाली. आता हे म्हणायला तिला अजिबात जड गेलं नाही. "खुर्चीबरोबरच नाचलेय फक्त."

"मग चालंल की. मीबी खुर्चीसारखाच उभा राहतो आधी." तो जरा थांबला. "पण मॅडम... खुर्चीला तुम्ही आवडला असता तर तिला सांगता आलं नसतं. मला येतंय."

मैत्रीने मान खाली घातली. या वेळच्या लाजेचा काही त्रास नव्हता. तिने त्याचे खरबरीत हात धरले आणि मॅडम नको, मैत्री म्हण, असं त्याला सांगितलं. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच वळणावर तिचा पाय त्याच्या पायावर पडला.

"माझा पडला," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.