अकरावा टेक

कॉलिन झोपला नव्हता, असं यंत्र सांगत होतं. पण सिनेमातलं त्याच्या डोक्यात जे उरलं होतं ते बघून शलाकाला त्याची खुर्ची लाथ मारून उलटवावीशी वाटली.

डॉ. पेंडशांनी तिच्या डोक्यावरची शिरोजाळी काढली. बारीक तारांची, आंघोळीच्या टोपीएवढी वस्तू. चार सेकंदांत त्यांनी शलाकाला कॉलिनची आठवण दिली होती. तिच्याच सिनेमाची. ऐंशी मिनिटांचा सिनेमा बघून झाल्याची आठवण.

"काय आठवतंय?"

"एक म्हातारा. समुद्र. थंडी." शलाकाचा आवाज चढला. "आणि चीज-लोणच्याचं सँडविच! माझ्या सिनेमात सँडविच कुठून आलं?"

"मला भूक लागली होती," कॉलिन म्हणाला. हा बुटका, जाडा माणूस पगारी मूळ प्रेक्षक होता. आजवर चार हजार सिनेमे त्याने या खुर्चीत बसून बघितले होते.

लीड्समधल्या या प्रयोगशाळेचा धंदा होता स्मृतिवितरण. मूळ प्रेक्षक शिरोजाळी घालून सिनेमा बघायचा, यंत्र त्याच्या मेंदूतला स्मृतिलेख काढायचं आणि दर शुक्रवारी चार वाजता तो लेख चाळीस हजार सभासदांकडे जायचा. बघायला वेळ कुणाला होता? बघितल्याचं समाधान चार सेकंदांत मिळत होतं.

शलाकाला हे सगळं थोतांड वाटायचं. पण दुसरं दार उरलं नव्हतं. 'ओहोटीचा माणूस' तिने ग्रिम्स्बी बंदराच्या धक्क्यावर उसन्या कॅमेऱ्याने काढला होता, शाळा सोडल्यावर, अठराव्या वर्षी. सहा थिएटरांनी दुपारचा एकेक खेळ दिला. हल शहरात नऊ माणसं आली, त्यातली दोन हीटर चालू होता म्हणून. सातव्या थिएटरने फोन उचलणंच बंद केलं. मग इंटरनेटवरच्या प्रवाहवाहिनीवर टाकला. तिथे तीन लाख सिनेमांच्या ढिगात तो आठशे बाराव्या पानावर होता. आठशे बाराव्या पानावर माणूस चुकूनही जात नाही. आज या प्रयोगशाळेच्या शुक्रवारच्या यादीत जागा मिळाली होती, ती एकदाच. पुढचा शुक्रवार दुसऱ्याचा.

आणि तिने दामाकाकांना शब्द दिला होता.

दामोदर तांडेल. सिनेमातला म्हातारा तोच. अलिबागकडचा कोळी, ग्रिम्स्बीच्या मासळीच्या शेडमध्ये तीस वर्षं सुरी चालवलेला. शलाकाच्या शेजारच्या घरात राहायचा. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता. "मला कोण बघणार गं?" असं तो म्हणाला, तेव्हा शलाका छातीठोकपणे म्हणाली होती, "हजारो लोक बघतील काका. माझा शब्द." शूटिंग संपल्यावर तीन आठवड्यांत काका न्यूमोनियाने गेला.

"मॅडम, मी बसते खुर्चीत," शलाका म्हणाली. "माझी आठवण पाठवा."

"अजिबात नाही." पेंडसे बाई मूळच्या साताऱ्याच्या. भांडण सुरू झालं की दोघी मराठीवर यायच्या आणि कॉलिन छताकडे बघत बसायचा.

"का? कॉलिनचं लग्न, कॉलिनची दाढदुखी, त्यातलं काही मला आलं नाही. तुमची चाळणी गाळते ना सगळं?"

"चाळणी एवढंच बघते, की ही नोंद कधीची आहे. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत जे नवं लिहिलं गेलं, ते ठेवायचं. आधीचं गाळायचं."

"मग माझंही आधीचं गाळेल."

"अगं, ऐक तरी. जुनी गोष्ट आठवली की मेंदू ती नुसती वाचत नाही. पुन्हा लिहितो. आजच्या तारखेने. तू पडद्यावर धक्का बघशील आणि तुला शूटिंग आठवेल. ते आठवणं आजचं. चाळणीला ते नवंकोरं दिसणार, सिनेमाइतकंच खरं. कॉलिनला सँडविच आठवलं ना, तसंच. बनवणाऱ्याला कधीच बसवायचं नाही, हा पहिला नियम आहे आमचा."

"मी नाही आठवणार. नुसतं बघेन."

"हत्तीचा विचार करू नको म्हटल्यावर काय होतं?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजत आले होते. "कॉलिन, काहीतरी खा आणि पुन्हा बस. मी बैठकीला जाते. चारला लेख गेला पाहिजे."

दार बंद झालं. शलाका भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू आलं की आधी राग यायचा, त्यामुळे रडायचं राहूनच जायचं.

"पोरी," कॉलिन हळूच म्हणाला, "मी पुन्हा बसेन. पण खरं सांगू? तुझा म्हातारा चांगला आहे, हे मला कळतं. चार हजार सिनेमांनंतर मला नुसतं कळतं, लागत काहीच नाही." तो खुर्चीतून उठला. "मी कॉफी प्यायला चाललोय. ऐंशी मिनिटं लागतील मला. कॉफी गरम असते."

शलाका शिरोजाळी घालून खुर्चीत बसली.

तिने श्वास मोजले. पडद्यावर दामाकाकाचं घर आलं, चौदा नंबरचं निळं दार. मागच्या दाराची कडी उचलून ढकलावी लागते, असं तिच्या मनात आलंच. तिने जीभ चावली. नुसतं बघ. काका चहा पितोय. कप चुकीच्या हातात आहे, मागच्या शॉटमध्ये डाव्या हातात होता, मूर्ख, मूर्ख. नुसतं बघ. एकाहत्तराव्या मिनिटाला वाऱ्याचा आवाज सुरू झाला आणि मग तिच्या हातात काही उरलं नाही.

फेब्रुवारी. धक्का. काका पातळ सदऱ्यात, कारण आधीच्या शॉटमध्ये जाकीट नव्हतं. बोलायचं एकच वाक्य, "माझी बोट गेली का?" दहा वेळा चुकला. उजेड चालला होता. आणि ती सगळ्यांसमोर ओरडली होती, "एक ओळ पाठ होत नाही तुम्हाला? परत!" काकाचे ओठ निळे पडले होते. तो म्हणाला, "हो गं. चुकतंय माझं. परत करू." अकराव्या टेकला तिची नजर घड्याळावर होती. वाक्य बरोबर ऐकू आलं, ती "कट" म्हणाली आणि सामान आवरायला लागली.

तो शॉट तिने कधी बघितलाच नव्हता. काका गेल्यावर बघवला नाही. एडिटिंगलाही आवाजावरून कापला, डोळे मिटून. कॉलिनच्या आठवणीतही त्या जागी नुसती थंडी होती.

खुर्चीतही तिचे डोळे मिटले.

चार वाजता लेख गेला, कॉलिनच्या नावाने.

शनिवारी सकाळी ईमेलने पहिलं पत्र आलं, कार्डिफहून. चहाचा कप चुकीच्या हातात राहिला, मला झोप लागत नाहीये, तो शॉट परत घेता येईल का? शलाका हसली. मग बारा वाजेपर्यंत सातशे पत्रं आली. कप. कप. फोकस गेलाय. संगीत काढून टाका. सिनेमा कसा वाटला, हे एकानेही लिहिलं नव्हतं. सिनेमा आवडला असं म्हणणारा एक माणूस तिने वेड्यासारखा शोधला. नव्हता. मग ब्रिस्टलच्या कुठल्या दंतवैद्याचं पत्र उघडलं. त्यात दोनच ओळी होत्या. 'मी त्याला जाकीट का दिलं नाही? मी त्याच्यावर ओरडले का?'

शलाकाने ते पत्र बंद केलं.

फोन वाजला. पेंडसे बाई.

"चाळीस हजार दिग्दर्शक तयार केलेस तू!" त्या ओरडल्याच. "प्रेक्षक एक नाही! कॉलिनची नोकरी गेली. माझीही जाईल बहुतेक."

"परत घेता येत नाही का? पुसता येत नाही?"

"आठवण आहे ती. पुसायला गेलं की आणखी घट्ट होते." मग त्यांनी विचारलं, "धक्क्यावरचा तो ओरडा खरा होता?"

शलाकाने फोन ठेवला.

रविवारी सकाळी मालनकाकूंचा फोन आला. दामाकाकाच्या बायकोचा.

"शलाका, दारात माणसं आलीत गं. गोरी, काळी, सगळी. रांग लागलीय."

"पत्ता कुणी दिला त्यांना?"

"कुणाला विचारावाच लागला नाही. एक बाई तर मागच्या दाराने आत आली. कडी उचलून ढकलली तिने, घरच्यासारखी. आणि माझा हात धरून रडायला लागली. म्हणते, मी त्यांच्यावर ओरडले, मला माफ करा. अगं, कोण आहे ती?"

शलाका अजून लीड्समध्येच होती; ग्रिम्स्बीपर्यंत गाडीला दोन तास लागले. रांग कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानापर्यंत पोचली होती. शलाकाला सरळ पुढे जाता आलं असतं. ती शेवटी जाऊन उभी राहिली.

पुढचा उंच माणूस मागे वळला. "तूपण?"

"मीपण."

"मला माहीत आहे की मी नव्हतो तिथे," तो म्हणाला. "मी त्या दिवशी ग्लासगोत होतो, ऑफिसात. पण इथे दुखतं." त्याने बरगडीखाली बोट ठेवलं, नेमकं शलाकाला दुखायचं तिथेच. "त्याने 'चुकतंय माझं' म्हटलं ना, तेव्हा."

"गप्प बस," शलाका म्हणाली.

"मीपण तेच म्हणतो स्वतःला," तो म्हणाला.

तिचा नंबर आला तेव्हा काकू उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शलाकाला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तू कशाला रांगेत?"

"काकू, त्या दिवशी धक्क्यावर मी..."

"माहीत आहे. साठ जणांनी सांगितलं सकाळपासून. एकसारखं, एका शब्दाचा फरक नाही." काकूंचा आवाज कोरडा होता. "तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं."

शलाकाने सांगितलं. रडणं आलं, आणि या वेळी आधी राग आला नाही.

माफ केलं, असं काकूंनी म्हटलं नाही. मग त्या उठल्या. "या लोकांना मी विचारलं, आमचा माणूस कसा दिसतो सिनेमात? तर सगळे माना खाली घालतात. मीही बघितला नाही अजून. समोरच्या चर्चचा हॉल मागितलाय. दाखव."

दुपारी तीनला पडदे ओढून हॉलमध्ये अंधार केला. साठ माणसं बाकांवर, काकू पहिल्या रांगेत. कप चुकीच्या हातात आला आणि साठ जण एकदम चुकचुकले. शलाका भिंतीशी उभी होती. आता पडद्याकडे बघणं तिला शक्यच नव्हतं, म्हणून ती लोकांकडे बघत होती.

एकाहत्तराव्या मिनिटाला वारा सुरू झाला.

आणि साठ माना एका झटक्यात खाली गेल्या. साठ जणांनी डोळे मिटले.

तिला कळलं. ती खुर्चीत जे बघू शकली नव्हती, ते कुणालाच मिळालं नव्हतं. काकाला हजारो लोक बघतील असा शब्द तिने दिला होता, आणि चाळीस हजार माणसांना तिने वाटले होते मिटलेले डोळे. नकळत तिचेही मिटलेच.

काकू एकट्या बघत होत्या. पडद्यावरून काकाचा आवाज आला, माझी बोट गेली का? मग वाऱ्याचा आवाज, बराच वेळ. तिने "कट" म्हणायला एवढा वेळ लावला होता?

"शलाका," काकू मागे न वळता म्हणाल्या. "बघ की गं. तो तुझ्याकडे बघून हसतोय."

मराठी त्या हॉलमध्ये दोघींनाच येत होतं. पण शलाका म्हणून हाक आली, जणू प्रत्येकालाच, आणि साठ माणसांनी एकदम मान वर केली.