बारमाही पाणी, एजंटांनी फोन करू नये

वैजनाथरावांना राग यायला कारण लागत नसे, हे आमच्या शहराच्या कडेला वाढलेल्या सातारा परिसरातल्या (सातारा जिल्हा वेगळा) कुत्र्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या फाटकासमोरून ती शेपूट घालून जात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आणि घरात पाण्याचा थेंब नाही, रागावणार नाही तर काय करणार? लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, तो उन्हाळा. शहराचं नाव अजून बदललं नव्हतं, पण शहर रोज बदलत होतं. जिथं ज्वारी डोलायची तिथं रो-हाऊसची रांग, आणि त्या रांगेपुढं टँकरची.

मुलाकडे, अमेयकडे, पुण्याला कायमचं जायचं ठरलं होतं. बायकोचे, दमयंतीबाईंचे, गुडघे गेलेले. "हा तुझा शेवटचा उन्हाळा बादल्या उचलायचा," असा शब्दच नवऱ्यानं दिला होता. घर विकलं की निघायचं. म्हणून कडुबाला बोलावलं.

कडुबा म्हणजे बापजाद्यांचं रान प्लॉटिंगला घालून स्वतःच एजंट झालेला गडी. पांढरे बूट, कानाला फोन. भिंतींवर टिचक्या मारत तो घरभर फिरला, मागच्या अंगणात बोअरच्या पाइपात खडा टाकून बराच वेळ कान देऊन उभा राहिला.

"काका, घर झकास. पण बोअर आटलाय ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागंल."

"सांगितल्यावर कोण घेईल? तुझा सासरा?"

"घेणारा घेतो, काका. दिशेचं खोटं बोला, शेजाऱ्याचं बोला. पाण्याचं नाय बोलायचं. औंदा तर बिलकुल नाय."

"आणि ही अक्कल शिकवायचे टक्के मी मोजायचे?"

"अकलेचे नाय, काका. माणूस पारखायचे. कोण, कुठल्या गावचा, कुणाचा कोण, सगळं बघून मी दारात आणतो. तुम्ही मोबाइलवर टाकलं तर कोण येऊन उभं राहील, काय भरवसा?"

"निघ!" वैजनाथराव कडाडले. कडुबाचा चहा कपातच राहिला.

त्याच दिवशी त्यांनी फोटो काढून जाहिरात टाकली. मालक स्वतः विकणार. बोअरला बारमाही पाणी. एजंटांनी फोन करू नये.

मग काय, पहिले सगळे फोन एजंटांचेच! एकजण तर घराच्या बदल्यात ट्रॅक्टर देत होता. उरलेली खरी गिऱ्हाइकं, पण त्यांचा सवाल एकच: पाणी चालू करून दाखवता का? वैजनाथरावांच्या कपाळाची शीर तटतटली. आता जे त्यांनी केलं, ते आमच्याकडे त्या साली अनेकांनी केलं, कबूल फक्त कुणी करत नाही. त्यांनी टँकर बोलावला आणि कोरड्या बोअरमध्ये पाणी सोडलं. गिऱ्हाईक आलं की मोटर सुरू करायची, धार दाखवायची, व्यवहार उरकायचा.

टँकरवाला पाइप लावता लावता म्हणाला, "पाणी एकदम मीठा है, साहेब. खुलताबादच्या घाटाखाली एक बुजवलेली हीर उघडलीय आम्ही."

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे? कोन राहिलंय तिथं."

"मग मला कशाला सांगतोस? ओत!"

पाणी आत गेलं. चांगला गडगडाट करत गेलं... आणि एकदम गप्प झालं. कुणीतरी तोंड मिटावं तसं.

फोन लगेच आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, लांबून आल्यासारखा आवाज.

"पाणी हाय म्हणं तुमच्याकडं?"

"लिहिलंय ना! वाचता येत नाही का?"

"मंग येतो."

पत्ता विचारला नाही. नाव सांगितलं नाही.

ऐन दुपारी ते आले. वीज गेलेली, कूलर मेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा आणि कपाळभर कुंकवाची म्हातारी. एवढ्या उन्हात चालत आलेली माणसं, पण दोघांच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. खोलीत मात्र शेवाळाचा वास पसरला, थंड आणि जुना.

आल्यागेल्याला पाणी विचारायचं, ही आपली रीत. दुष्काळात लोक अर्ध्या पेल्यावर आले होते, पण रीत मोडली नव्हती. दमयंतीबाई वीज असताना काढून ठेवलेलं बोअरचं पाणी तांब्यात भरून घेऊन आल्या. म्हाताऱ्यानं तांब्या नुसता नाकाशी धरला.

"हे बोअरचं?"

"बोअरचंच," वैजनाथराव म्हणाले.

"खरं सांगा, साहेब."

"खोटं बोलतो का मी? घर बघायला आलात की उलटतपासणी घ्यायला?"

म्हातारीनं एक घोट घेतला. डोळे मिटले. हलकेच म्हणाली, "अवो... आपल्या हिरीचं हाय."

"कसली विहीर? कुणाची विहीर?" वैजनाथराव उठून उभे राहिले. आवाज चढला होता. "घ्यायचं नसेल तर चालते व्हा!"

"घ्यायचं हाय की," म्हातारा शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण वैजनाथरावांसारखा उकळणारा नव्हता. तळाशी बसलेला होता. "आमचं पाणी इथं आणलंत. मंग आमी कुठं ऱ्हावं?"

म्हातारीनं दमयंतीबाईंचा हात धरला, तांब्या त्यांच्या ओठांशी नेला. "पी, बाई. लई दिस वाहिल्यास बादल्या."

बाई प्याल्या. गटागटा, श्वास न घेता.

"बोअर बघून येतो," म्हणत दोघं स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले. वैजनाथराव फणफणत मागोमाग. अंगणात कुणी नव्हतं. भिंत पुरुषभर उंच, वर काचांचे तुकडे, बाहेर पडायला दुसरी वाट नाही. बोअरच्या पाइपावरचं झाकण तेवढं सरकलेलं होतं, आणि त्यातून गार वारा येत होता.

त्या दिवसापासून पाणी थांबलंच नाही. वीज नसताना गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. टँकरचं पाणी एवढं पुरणार नाही, हे पाटबंधाऱ्याच्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण राग असला की माणसाला भीती वाटून घ्यायला सवड नसते. त्यांनी नाक मुठीत धरून कडुबाला फोन लावला. "आता खरंच पाणी आहे. आण तुझं पारखलेलं गिऱ्हाईक."

कडुबा एका शिक्षक जोडप्याला घेऊन आला. दार दमयंतीबाईंनी उघडलं. पदर खोचलेला, गुडघे ताठ, चेहरा टवटवीत.

"कशाला आलाव? घर इकायचं नाय. आमची हीर हाय हितं."

कडुबाचा हात फाटकावरच राहिला. "काकू," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ही बोली कुठनं आली? तुम्ही तर शहरातल्या गुलमंडीच्या ना? कापडदुकानावरच्या माडीत वाढलेल्या... नळाचं पाणी पिऊन?"

बाई नुसत्या हसल्या. "पाणी घेतो का, लेकरा?"

कडुबानं पाणी घेतलं नाही. शिक्षक जोडप्याला गाडीत बसवलं आणि काच वर घेता घेता ओरडला, "काका, राग सोडा आन् काकूंना आत्ताच्या आत्ता घिऊन निघा! घराचं मागून बघू!"

पहिल्यांदाच वैजनाथरावांनी कुणाचं ऐकलं. घर, व्यवहार, जाहिरात, सगळं गेलं खड्ड्यात. बायकोला दिलेला शब्द तेवढा पाळायचा होता. ते ताडताड आत गेले, बाईंचं मनगट धरलं. "चल! अंगावरच्या कपड्यानिशी चल. पुण्याची गाडी मिळेल ती धरू."

हात गार होता. त्यांनी खाली पाहिलं. बाईंची बोटं सुरकुतून पांढरी पडली होती, फार फार वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाची पडतात तशी.

"दमे... तू माझ्याबरोबर चल गं," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

"आन् ह्यांना कुठं ठिवू?" बाईंनी मान वळवून विचारलं.

वैजनाथरावांनी तिकडे पाहिलं. सोफा रिकामा होता. कापड भिजून काळं पडलं होतं, आणि त्यात शेजारी शेजारी दोन खळगे दबलेले होते, कुणी बसल्यावर पडतात तसे.

ते बघत असतानाच खळगे हळूच एकमेकांपासून दूर सरकले. मधे एका माणसापुरती जागा करून.