उलटा फिरवलेला पंप

पोरीनं तीन दिवस तोंडात काही धरलं नव्हतं आणि तिच्या आईचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. चार वर्षांची पोर. घास पुढं केला की ओठ घट्ट मिटायची. बळंच कोंबला तर थुंकायची आणि मग जीभ बाहेर काढून फ्रॉकच्या बाहीला पुसत बसायची. पाणी तेवढं प्यायची. डॉक्टर म्हणाले, घसा बरा आहे, पोट मऊ आहे, मुलं नाटकं करतात. फोनला विचारलं तर फोननं सतरा आजार सांगितले. त्यातले अकरा तिला स्वतःलाच असल्यासारखे वाटले. बी.एड.ला बालमानसशास्त्रात तिला पहिला वर्ग होता. त्याचा आता उपयोग एवढाच, की चुकलं असेल तर आईचंच चुकलं, हे तिला सप्रमाण माहीत होतं.

शुक्रवारी रात्री साडेदहाला वीज गेली. नवरा दुसऱ्या पाळीला, यायला अकरा वाजणार. कुस्करलेल्या केळ्याची वाटी घेऊन ती पोरीला मांडीवर थोपटत बसली. पोर पेंगत होती, तरी ओठ मिटलेलेच.

"बाबा, भुताची सांगा एखादी," दीर म्हणाला. "पण खरी. मागच्या वेळी भूत म्हणून शेवटी मांजर निघालं."

"रात्री पाणी प्यायला जायचं तर मला उठवतो आणि म्हणे भूत हवं!" नणंदेनं टोमणा मारला.

सासऱ्यांनी चार्जिंगचा दिवा जमिनीवर ठेवला. चरबीच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं फिटर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता तिथं त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, होता.

"आहे एक," ते म्हणाले. "ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली त्यानंच सांगितलेली. आमच्यातला फिटर, डावखुरा, म्हणून सगळे डावरा म्हणायचे. गेल्या नोव्हेंबरची नऊ तारीख. रविवार. रात्रीचे एक पन्नास. तो नुसता गाळणी साफ करायला गेला होता."

"बाबा, तो कारखाना नको ना," नणंद म्हणाली. "दादा घरात आला की आधीच नाकाला रुमाल लावावा लागतो."

"तो वास तुमची फी भरतो," म्हातारा म्हणाला, आणि सांगू लागला.

कसायांकडून येणारी चरबी, कातडीचे तुकडे, आतडी, सगळं मोठ्या टाकीत वाफेवर शिजतं. वर सुटते ती पिवळी, दाट, कोमट चरबी. ती साध्या पंपानं ढकलली जात नाही. तिला गिअर पंप लागतो. त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी दिव्यासमोर धरून एकमेकींवर फिरवल्या. दोन दातेरी चाकं, दातात दात. माल मधून जात नाही, कडेनं जातो, दात आणि भिंत यांच्यामधल्या खाचांत बसून. मध्ये दात मिटतात, म्हणून मागं परतायला त्याला वाट नसते. पुढं गेलं ते गेलं.

"सासूबाईंसमोर बोललेल्या शब्दासारखं," दीर म्हणाला.

"गप रे. त्याची मिजास मोठी असते. आधी वाफेनं ऊब द्यायची, नाहीतर आत चरबीचा दगड झालेला असतो. कोरडा फिरवायचा नाही, दात खरवडतात. पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करायचा नाही, पाइप फुटेल. आणि दर पाळीला अलीकडची गाळणी उघडून टोपली उपसायची. त्यात काय असतं ते जेवणाआधी सांगत नाहीत."

"जेवण झालंय. सांगा."

"केस. पापण्यांसकट कातडी. ओल्या फडक्यासारखा लगदा, आणि तो कोमट असतो. माणसाच्या अंगाइतका कोमट."

नणंदेनं ओढणी तोंडावर घेतली. आईनं पोरीचा कान हातानं झाकला.

त्या पंपावर आधी एक जुना कामगार होता. सगळे त्याला चाखू म्हणायचे. माल किती तापला, खवट झाला का, हे तो बोट बुडवून, चाटून सांगायचा. यंत्र चुकेल, चाखू चुकायचा नाही. एकदा गाळणी काढलेली असताना त्यानं थेट पंपाच्या तोंडात बोट घातलं. पंप बंद होता. पण वरच्या पाइपातला माल मागं ओसरला आणि चाकं अर्धा वेढा फिरली.

"बोट गेलं. सापडलंही नाही. गाळणी असते पंपाच्या अलीकडे. मग पंप सुरू झाला तेव्हा ते पलीकडे निघून गेलं. टँकरमध्ये. साबणाच्या कारखान्यात. कुणाच्या न्हाणीत असेल, काय माहीत."

"शी! बाबा!"

"चाखू तरी चाखायचा थांबला नाही. शेजारचं बोट वापरू लागला. फक्त एक सांगायचा. काहीही अडकलं तरी पंप उलटा फिरवू नका. पुढं गेलेलं मागं बोलवायचं नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये काविळीनं गेला बिचारा."

आणि नोव्हेंबरमध्ये डावऱ्यानं पंप उलटा फिरवला. टँकर फाटकात उभा, माल येईना, गाळणी तुंबलेली. ती उघडायची म्हणजे चाळीस मिनिटं आणि तो लगदा. उलटा फिरवला की माल मागं येतो, घाण परत टाकीत ढकलली जाते. आळशी माणसाची युक्ती. दोन मिनिटांचं काम.

"त्यानं बटण दाबलं. पंप घुमला... नेहमीसारखा. मग आवाज बदलला."

"कसा?"

म्हाताऱ्यानं दिवा थोडा जवळ ओढला.

"कुणीतरी बोट चोखतंय, तसा. चप... चप... त्यानं पंप बंद केला. आवाज चालूच. तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्यानं गाळणीचं झाकण काढलं. टोपली रिकामी. चाटूनपुसून स्वच्छ. मग..."

दिव्याला वात नव्हती, तरी ती फडफडल्यासारखी सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"मग त्याच्या ओठांवर काहीतरी टेकलं. कोमट. मऊ. ओठ उघडून... आत गेलं."

दीर नणंदेजवळ सरकला.

"त्यानं कारखाना सोडला. जेवणही सुटलं. घास नेला की ओठ मिटायचे. मी भेटायला गेलो तेव्हा माझ्यासमोर बसून जीभ पुसत होता. बाहीला."

थोपटणारा हात थांबला.

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. बोलताना काय निघून गेलं ते त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं. पोरीचं थुंकणं ते तीन दिवस बघत होते. बाहीकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

"हे तुम्हाला माहीत होतं," ती हळू म्हणाली. "आणि डावऱ्याच्या जागेवर तुम्ही ह्यांना चिकटवलंत."

"नोकरी लागत होती, सूनबाई. कायमची."

दार वाजलं. नवरा आला. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "अहो, पंप उलटा फिरवलात का कधी?"

"आल्या आल्या चौकशी? मंगळवारी फिरवला. दोनच मिनिटं. टँकर खोळंबला होता."

"काही झालं?"

"होणार काय? ओठाला काहीतरी चिकट लागलं होतं तेवढं. घरी येऊन पुसलं."

"घरी येऊन?"

"हो. म्हणजे..." तो थांबला. वडिलांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोरीकडे. "त्याआधी हिचा पापा घेतला होता."

सासरे उठले, परत बसले. नणंद रडायला लागली. नवरा म्हणाला, "काय झालंय काय? कुणी बोलेल का?" पण सांगणार कोण? तिनं पोरीला छातीशी इतकं आवळलं, की पोर जागी झाली. तेवढ्यात वीज आली. पंखा फिरू लागला, फ्रीज घुमला, सगळ्यांचे चेहरे एकदम उघडे पडले.

पोरीनं डोळे चोळले. वाटी पाहिली. आणि दोन्ही हातांनी ती ओढून घेतली.

खाल्लं. सगळं केळं खाल्लं. "अजून," म्हणाली. दीर धावत जाऊन दुसरं घेऊन आला, तेही खाल्लं. गालाला केळं, नाकाला केळं. सासऱ्यांनी डोळे टिपले. "भूक लागली होती हो माझ्या बायेला!" नवरा उगीचच हसला, मग सगळेच हसले, जरा मोठ्यानं. आईला आपलीच लाज वाटली. शिकलीसवरली बाई, आणि गोष्टीला भ्यायली! मुलं नाटकं करतात. डॉक्टर बरोबर होते.

तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"गोड लागलं ना? मग इतके दिवस का गं नाही खाल्लंस?"

"एका काकांचं बोट होतं ना तोंडात."

हसणं थांबलं.

"आणि... आता?" आईनं विचारलं.

"आता नाही. मी त्यांना म्हटलं, मला नको, आईला द्या."