शेवटचा ब्लॉक

१९७६ साली सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग पुण्याहून हणमंत आला. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातच तो तिथे कार्डं पंच करणाऱ्या रुद्राणीवर आदळला. तिच्या हातातली प्रोग्रामची कार्डं फरशीभर झाली. दोघं वेचायला वाकले, तर डोकी आपटली.

"लागलं का?"

"मला नाही. कार्डांचं बघा की... सगळा क्रम गेला!"

क्रम तसा दोघांचाही गेला.

हणमंतचं काम एवढंच – कामगारांची नावं कॉम्प्युटरच्या चकतीवर चढवायची. फाईल नीट चालली की परत पुण्याला. मशीन नावं सुटी लिहीत नसे. दहा नावांचा ब्लॉक भरला की एकदम लिही. शेवटचा अर्धवट ब्लॉक मात्र 'फाईल बंद कर' असा हुकूम येईपर्यंत पोटातच ठेवी. त्या हुकमाचं एक कार्ड होतं. ते रुद्राणीने डब्याच्या पिशवीत दडवलं.

मग रोज फाईल उघडे, नावं जात, आणि शेवटच्या ब्लॉकात एकटंच उरलेलं नाव, मागावरच्या शालनचं, गायब होई. हणमंत खिडकीशी येरझाऱ्या घाली. रुद्राणी पेन्सिलीला टोक काढी, मोडी, पुन्हा काढी.

"चूक लई अवघड दिसते..."

"फारच. आठवडा तरी जाईल."

"चहा?"

"घेऊ की."

"की? पुण्याचे ना तुम्ही?"

"हवा लागली इथली."

एका शनिवारी शालनच दारात उभी राहिली. केसांत कापसाचे तंतू.

"बाई, आज तरी हाय का मी मशिनीत? सोमवारी पगार. कारकून म्हनतो, नाव न्हाय तर तू बी न्हाईस."

रुद्राणीची मान खाली गेली. तिने पिशवीतून कार्ड काढलं. शेंगाचटणीचं तेल लागलेलं.

"मीच काढलं होतं. हे लावलं की तुम्ही जाल... म्हणून."

हणमंतने खिशातून तसंच एक कार्ड काढलं. कडा मळलेल्या.

"पहिल्याच दिवशी नवं पंच केलं होतं. लावायला मात्र... हात होईना."

शालनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कुटलं बी लावा. पर लावा!"

तेलकट कार्ड मशीन घेईना, हणमंतचं गेलं. चकती घरघरली. कागदावर तळाला शालन उमटली आणि खरीखुरी शालन हसत मागाकडे पळाली.

पंखा फिरत राहिला.

"झाली फाईल बंद," रुद्राणी म्हणाली. "जा आता पुण्याला."

"बंद केलेली फाईल पुन्हा उघडता येते." तो घुटमळला. "उद्या रविवार... घरी कोण असतं तुमच्या?"

"आई, आप्पा. आप्पा आधी चटणी वाढतात, मग माणूस बघतात."

"तिखट असते?"

"लई."

"मग येतो की."