सहाव्या खोलीतला पेशंट

जिन्यात एक माणूस छाती धरून बसला होता.

क्लासला उशीर झाला म्हणून मी दोन-दोन पायऱ्या चढत होते, आणि हा मधल्या वळणावर भिंतीला टेकून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून कण्हत होता. अकरा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला अशा वेळी विचार करावा लागत नाही. मी पर्स टाकली, त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं सोडली, मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत ओरडले, "वर कोणी आहे का? अँब्युलन्स बोलवा."

त्याने एक डोळा उघडला.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "मी पाठ करतोय. आज मला हार्ट अटॅक आहे... साडेदहाच्या बॅचला."

कठड्यावरून सात-आठ डोकी खाली वाकून बघत होती. त्यात क्लासच्या मॅडमही होत्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाडी मात्र खरंच जोरात चालली आहे," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"मघाशी नव्हती," तो म्हणाला, आणि निवांतपणे बटणं लावायला लागला.

क्लासमध्ये पेशंट होणं हेच त्याचं काम होतं. आमच्यासारख्या, दुसऱ्या देशात शिकून आलेल्या नर्सेसना इथे नोंदणी मिळवायची तर एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागायची. दहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट, कोपऱ्यात परीक्षक, आणि हातात आठ मिनिटं. नोंदणी मंडळ तीनदा संधी द्यायचं. माझ्या दोन संपल्या होत्या.

पहिल्या वेळी मी सगळं केलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. इथे जे करता ते मोठ्याने सांगायचं असतं. हात धुतले असं म्हटलं नाही तर ते धुतलेच नाहीत. दुसऱ्या वेळी चौथ्या खोलीतली बाई इतकी छान रडली की मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि घंटा झाली. ही तिसरी वेळ. तीही गेली तर इथे राहायचा परवानासुद्धा जाणार होता.

तोवर मी एका वृद्धाश्रमात मदतनीस होते. अंघोळी, चादरी, भरवणं. औषधांच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान सिस्टर गोळ्या द्यायची आणि मी शेजारी पाण्याचा ग्लास धरून उभी. एका आजोबांचा श्वास ऐकून मी तिला सांगितलं, ह्यांच्या छातीत पाणी होतंय. ती गोडच बोलली, "तुम्ही तेवढी चादर बदलून घ्या हं." दोन दिवसांनी आजोबांना हॉस्पिटलात हलवलं. मी चादर बदलली.

तर ह्या पेशंटशी माझी गाठ रोज पडायला लागली. क्लासमधल्या इतक्या वर्षांत त्याला बेचाळीस आजार तोंडपाठ झाले होते. लहानपणीच आईवडिलांबरोबर इकडे आलेला, त्यामुळे इथली भाषा इथल्यासारखी बोलायचा आणि आमची आमच्यासारखी.

"दुखणं एक ते दहामध्ये किती?" मी विचारायची.

"तुम्ही समोर असताना चार. गेल्यावर नऊ."

"पेशंट, परीक्षेतलं उत्तर द्या."

"हेच आहे. लिहून घ्या ना, वेळ जातोय तुमचा."

"आणि मला सिस्टर म्हणू नका."

"का? सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणू देत... तुम्ही नका म्हणू."

त्याला ते कळायला तीन दिवस लागले. दम्याच्या झटक्याच्या ऐन मध्यावर त्याला एकदम हसू फुटलं, आणि मॅडमनी त्याला बाहेर काढलं.

क्लास संपला की दुपारपासून तो चष्म्याच्या दुकानात कामाला असायचा. रविवारी दुकान बंद असायचं, पण किल्ली त्याच्याकडे. मागच्या खोलीत डोळे तपासायची मोठी खुर्ची होती. तीच आमची कॉट. तो खुर्ची मागे पाडून आडवा व्हायचा, मी स्टॉपवॉच लावायची, आणि भिंतीवरची छोटी-मोठी अक्षरं आमच्याकडे बघत असायची. मधल्या सुट्टीत तो आईबद्दल सांगायचा. आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असायचं. नेणं, आणणं, पथ्याचं बघणं, सगळं हाच करायचा.

"मला सगळे आजार येतात," तो एकदा म्हणाला. "फक्त बरं होणं जमत नाही. त्याच्या आधीच घंटा होते."

मी हसले, पण मला त्या वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. खरं तेच सांगते.

परीक्षेतल्या औषधाच्या खोलीचा नियम साधा होता. गोळी देण्याआधी पेशंटला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. एवढं राहिलं तर बाकीचं कितीही चोख असो, खोली गेली. आणि एक खोली गेली की परीक्षा गेली.

पहिले दोन-तीन रविवार मी विचारायची आणि तो सांगायचा. मग काय झालं, मी गोळ्यांचा ट्रे घेऊन वळायच्या आत त्याचा हात पुढे यायला लागला. कागदाची पट्टी वर करून, एका दमात, खोटं नाव, खोटी तारीख.

"मला विचारू तर दे... विचारू तर द्या," मी म्हणायची.

"वेळ वाचतो हो. तुमची गाडी वेळेपाशीच अडते ना?"

वेळ खरंच वाचत होता. मी साडेसहा मिनिटांवर आले. आणि मला ते आवडायला लागलं होतं, हेही आहेच. घरात मी थोरली, वॉर्डात मी इन्चार्ज. मागायच्या आधी कोणी हात पुढे करावा, ही सवय मला कुठली?

एकदा पट्टी बघताना माझं बोट त्याच्या मनगटावर जरा जास्तच रेंगाळलं.

"मोजतेस?" त्याने विचारलं.

मोजतेस. 'मोजता का' नव्हे.

"नाही."

"मग... राहू दे तसंच."

मी राहू दिलं. स्टॉपवॉच चालूच राहिलं आणि त्या दिवशी आमची बारा मिनिटं झाली.

माझ्या खोलीत एक ताई राहायची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तीही नर्स. ती पहिल्या फटक्यात पास झाली होती आणि दोन्ही लेकींना इकडे आणायच्या खटपटीत होती. एका रविवारी ती परीक्षक म्हणून दुकानात येऊन बसली. परतताना रस्त्यात म्हणाली, "त्याला आधी बोलू देऊ नकोस गं. तू विचार, मग त्याने सांगायचं."

"अगं ताई, पहिल्या वर्षाला शिकवतात ते. मला येत नाही का?"

"येतं म्हणूनच सांगतेय. येतं त्याच्याकडे लक्ष राहत नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, हिचा नवरा तिकडे सातासमुद्रापार, हिला आमचं बघवत नसेल. किती वाईट विचार करावा माणसाने.

परीक्षेच्या दिवशी मी शांत होते. पाच खोल्या लोण्यासारख्या गेल्या. सहाव्या खोलीत एक वयस्कर बाई गळ्यापर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. मी हात धुतले, धुतले म्हणून सांगितलं. गोळी कसली, कशासाठी, आधी कधी त्रास झाला होता का, सगळं मोठ्याने, हसतमुखाने. त्यांचे दोन्ही हात चादरीखाली होते. मी पाणी दिलं, त्यांनी गोळी घेतल्यासारखं केलं. सहा मिनिटं दहा सेकंद. उरलेला वेळ मी उशी नीट करत बसले. परीक्षक माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

बाहेरच्या पॅसेजमध्ये आम्हाला ओळीने खुर्च्यांवर बसवायचे. घंटा झाली, माझ्यामागची मुलगी सहाव्या खोलीत गेली, आणि दार पुरतं लागायच्या आत तिचा आवाज आला, "तुमचं पूर्ण नाव सांगाल का?"

मी नाव विचारलंच नव्हतं. पुढच्या चार खोल्या मी कशा केल्या ते मला आठवत नाही. चांगल्या केल्या असाव्यात, कारण तीन आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं त्यात नऊ खोल्यांपुढे 'उत्तम' होतं. सहावीपुढे एकच ओळ होती. पेशंटची ओळख पडताळली नाही. खाली लिहिलं होतं की माझ्या संधी संपल्या आहेत आणि अठ्ठावीस दिवसांत मला देश सोडावा लागेल.

मी घरी फोन केला.

"मग आता?" आईने विचारलं.

"आता येते."

"ये," म्हणाली. "बाबांना मी सांगते. तू नको सांगूस."

तो दुकानाच्या दारात वाट बघत उभा होता. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"कुठली खोली?"

"जखमेची," मी म्हणाले. "ड्रेसिंग करताना चिमटा खाली पडला."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. खरं सांगितलं असतं तर ते त्याला जन्मभर पुरलं असतं.

"चिमटा कोणाच्याही हातून पडतो," तो म्हणाला. "ऐक ना... तू राहा. लग्न करू. मग तुला कोणी जा म्हणणार नाही. आई रोज विचारते, ती तुझी नर्स घरी कधी येणार."

हे ऐकायला मी किती रविवार कान टवकारून बसले होते. आणि आता मी मुदत मागितली.

"आठवडाभर दे मला," मी म्हणाले.

मी हो म्हणणार होते. ताईलाही तसं सांगून टाकलं होतं. शुक्रवारी मी पुस्तकं परत करायला क्लासला गेले. काचेच्या दारातून आत दिसत होतं. एक नवी मुलगी ट्रे घेऊन उभी होती, येऊन दोन महिनेसुद्धा झाले नसतील. तिकडे सासूजवळ वर्षाचं बाळ ठेवून आली होती असं मॅडम म्हणाल्या होत्या. कॉटवर हा. तिने तोंड उघडायच्या आत ह्याचा हात पुढे आला, पट्टी वर, एका दमात नाव आणि तारीख. मुलगी हुश्श करून हसली.

मला मत्सर वाटला असता तर बरं झालं असतं. तो कोणालाही अशीच मदत करणारा माणूस होता, म्हणून तर मला आवडला होता.

मी दार ढकललं.

"तिला विचारू दे," मी म्हणाले. "तिने विचारल्याशिवाय तू बोलू नकोस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याचा हात तसाच पुढे होता. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याने हात मागे घेतला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. मी पुस्तकं टेबलावर ठेवली आणि निघाले.

बसथांब्यावर त्याने मला गाठलं.

"चिमटा पडला नव्हता."

"नाही."

"औषधाची खोली."

मी मान हलवली. तो बाकावर बसला आणि शर्टाची बाही मनगटावर ओढत राहिला.

"मला वाटलं, मी तुला मदत करतोय."

"करतच होतास. विचारायचं काम माझं होतं. तुझं नव्हतं."

हे खरं होतं, पण त्यामुळे आम्हा दोघांनाही काही बरं वाटलं नाही.

"तरीही राहा," तो म्हणाला. "मी तुला आयुष्यात कशाची..."

"तेच नको मला. इथे मी जन्मभर पाण्याचा ग्लास धरून उभी राहीन. तिकडे निदान गोळी तरी देता येते रे." थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आणि तू रोज माझ्याकडे अपराध्यासारखा बघशील. मी रोज माफ केल्याचं दाखवीन. किती दिवस करायचं हे?"

माझ्याबरोबर येतो, असं तो म्हणाला नाही. त्याच्या आईला सोडून तो येऊ शकत नव्हता, आणि ये म्हणायची माझीही हिंमत नव्हती.

"एवढंच सांग," तो म्हणाला. "प्रेम आहे का तुझं? की... तेही नाही?"

"आहे. खूप आहे. आणि रागही आहे. दोन्ही आहेत, आणि त्यातलं एकही मला टाकता येत नाहीये."

त्याने माझा हात धरला नाही. मीही धरला नाही. समोर बस येऊन उभी राहिली, दार उघडलं.

"पोचलीस की कळवशील?"

"नाही," मी म्हणाले, आणि चढले.

मला खिडकीजवळ जागा मिळाली. पुढे सिग्नल लागला आणि बस तिथेच थांबली, चांगली दोन मिनिटं. तो थांब्यावर उभा होता, माझ्याकडेच बघत, आणि माझ्या शेजारच्या बाई माझ्या रडण्याने संकोचून दुसरीकडे बघत होत्या. त्याने हात वर केला. मी केला नाही. केला असता, तर मी उतरले असते.